मर्यादित आजीवन

दुर्बीण उलटी धरली की भिंग होतं,
हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं.
मुंगीच्या मिशा पाहिल्या, सागाच्या पानाची जाळी.
आज तिनेच तिचं वॉरंटीकार्ड वाचते आहे,
डाव्या नळीतून.
उजवीत बुरशी आहे.

पावसाळाभर कोसमघाटचं गेट बंद.
ती पेटीत होती, घडी घातलेल्या लुगड्यांत.
आई म्हणाली, "तांदळात ठेव, तांदूळ ओल ओढते."
ठेवली.
ऑक्टोबरात काढली तर काचेच्या आत
कोळ्याने घाईत विणावं तसं काही पांढरं,
आणि धावड्यावरचा पिंगळा
दोन दिसू लागला,
एक जरा वर, एक जरा खाली,
दोघंही माझ्यावर डोळे रोखून.

पाहुण्यांनी विचारलं, जोडी आहे का?
मी हो म्हटलं.

कार्डाचं अक्षर मोहरीहून बारीक. इंग्रजी.
माझी भाची तनुजा, नववीतली,
शब्दागणिक अर्थ वहीत उतरवते.
सगळ्यात वर सोनेरी: मर्यादित आजीवन हमी.
"आपलंबी तसंच हाये ना बाप्पा,"
जिप्सीवाला सुकरू हसला.

आजीवन म्हणजे कोणाचं, हे पाचव्या कलमात आहे.
माझं नाही. जिने दिली तिचंही नाही.
हा नमुना कंपनीच्या यादीत आहे तोवरचं.
मग काय काय धरलेलं नाही, ते:
पडणं, पाणी, धूळ, ऊन, बुरशी,
म्हणजे आमचं अख्खं वर्ष.
आणि कोणी अनोळखी हाताने उघडलेली असणं.
सिंदेवाहीच्या नवल घड्याळवाल्याने
एकच स्क्रू अर्धा फेरा फिरवून हात मागे घेतला होता,
"ताई, हे घड्याळ नोहे."
त्या अर्ध्या फेऱ्याची खूण
काळ्या अंगावर अजून चकाकते.

जे बनवताना त्यांच्या हातून चुकलं, ते त्यांचं.
जे वापरताना झिजलं, ते माझं.
एवढंच आहे सगळं, चार पानांत.
आणि हो, हमी फक्त मूळ खरेदीदाराला.
बिल जोडावे.
बिल मी प्लास्टिकमध्ये तीन वर्षं जपलंय.
आज पाहिलं तर कोरा कागद,
शाई कधीच उडून गेलेली.

नागपूरला फोन लावला.
"शेवंता बोलतो, कोसमघाटहून."
मोहरीलबाई, तार ऑफिसातून निवृत्त,
जाताना गळ्यातली काढून माझ्या गळ्यात घातली होती.
"अगं, मूळ खरेदीदार अजून मूळ जागी आहे!
दुकानातून दुसरं बिल काढते, माझ्या नावाने पाठव.
पण लवकर हं. आजीवन म्हणतात,
आणि मी एक्क्याऐंशीची."
पाचवं कलम मी त्यांना सांगितलं नाही.
"आणि बुरशीचं लिहू नकोस," त्या म्हणाल्या.

दोषाचे स्वरूप: दीड ओळ जागा.
एकाचे दोन दिसतात, इतकं त्यात नीट बसलं.
मग मे महिना आठवला,
नाल्यात जिप्सी आदळली तेव्हा लोखंडी दांड्यावर आलेला आवाज,
जो कोणी ऐकला नव्हता.
पेन उचललंच नाही मी.
बुरशी आहे. आपटली होती. एक स्क्रू आम्ही फिरवला.
अक्षरं समासात गेली, समासातून मागच्या पानावर.
खर्च येत असेल तर आधी कळवा.
जोडी नाही, हेही लिहिणार होते.
त्यांना त्याचं काय.

सिंदेवाहीच्या कुरिअरवाल्याने डबा हलवून विचारलं,
"आत काय हाये?"
"काच," म्हटलं.
त्याने लाल शिक्का दोनदा मारला.

गळ्याला पट्ट्याची जागा हलकी लागते.
उद्या सकाळची पाळी माझी.
काही दिसलं
तर बोटाने दाखवीन.